घरात सापडलेलं युद्धोत्तर क्रीडापदक: वाचायचं कसं, जपायचं कसं

कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत, ऐरोलीत, कळव्यात, ठाण्याच्या जुन्या चाळींत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांचं मूळ गाव सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात असतं. गावचं घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी आजोबा-पणजोबांचं एखादं पदक हमखास निघतं. त्यावर रायफल किंवा राजाचा मुखवटा असेल असं वाटतं, पण दिसतो धावणारा माणूस, रस्सीखेचीचा दोर नाहीतर हॉकीच्या स्टिका. मग ते 'साधं शाळेतलं बक्षीस' समजून बाजूला पडतं, किंवा चिंच लावून लख्ख घासलं जातं. दोन्हींत नुकसान सारखंच.

युद्ध संपलं की सैन्य लगेच घरी जात नाही. जहाजं कमी असतात, पाळी येईपर्यंत महिनोन्‌महिने छावणीत काढावे लागतात. लाखो तरुण रिकामे बसू नयेत म्हणून 1919 आणि 1946 या दोन्ही वर्षांत छावण्यांत खेळांच्या स्पर्धा मोठ्या प्रमाणावर भरवल्या गेल्या. सर्वांत मोठी स्पर्धा पॅरिसजवळच्या पर्शिंग स्टेडियमवर झाली. 22 जून ते 6 जुलै 1919 या काळात विजयी राष्ट्रांच्या आजी-माजी सैनिकांचे 'इंटर-अलाइड गेम्स' तिथे भरले होते. व्हर्सायचा तह 28 जूनला झाला, तेव्हा हे सामने चालूच होते. लहान पातळीवर पलटणी, ब्रिगेड, बंदरावरचे तळ, इस्पितळं, रेल्वे कंपन्या अशा कितीतरी ठिकाणी पदकं वाटली गेली. यांतल्या बहुतेकांची छापील यादी कुठेच नाही. म्हणून पदकावरची अक्षरं, कड आणि त्यावर साचलेला थर हेच बऱ्याचदा त्या स्पर्धेचं एकमेव दप्तर असतं. खालचा क्रम त्यासाठी लावला आहे: आधी वाचन, मग मोजमाप, मग नोंद आणि स्वच्छता सगळ्यांत शेवटी.

हात लावण्याआधी

लागणारं साहित्य थोडं आहे. नायट्राइलचे हातमोजे (सुती नकोत, पदक निसटतं), सराफ वापरतात तसं 10 पट भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एक टेबल लॅम्प. कॅलिपर प्लास्टिकचा घ्या, लोखंडी जबडे मऊ चांदीवर ओरखडा उठवतात. टेबलावर जुना धुतलेला सुती पंचा अंथरा, म्हणजे पदक हातून सुटलं तरी कड चेपणार नाही.

पदक डबीत असेल तर डबीसकट फोटो काढा. डबीच्या झाकणातल्या रेशमावर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं आणि ते पदकावर कधीकधी कुठेच नसतं. रिबन, पिन, कागदाचा कपटा, बांधलेला दोरा, काहीही सोडवून टाकू नका.

फोटोला फ्लॅश नको. खोलीतला उजेड कमी करा आणि लॅम्प एका बाजूला, पदकाच्या पातळीपासून जेमतेम 15 ते 20 अंश वर ठेवा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंसुद्धा सावली टाकतात. एकाच बाजूने भागत नाही. लॅम्प घड्याळाच्या 12, 3, 6 आणि 9 वर ठेवून चार फोटो घ्या, कारण कोरीव रेघेला समांतर उजेड पडला की ती रेघ गायब होते. पुढची बाजू, मागची बाजू आणि कड पूर्ण फिरवत, सोबत पट्टी ठेवून. कागद ठेवून पेन्सिल घासायची जुनी सवय टाळा, उंचवट्यांवर दाब येतो.

युद्धपदक, स्मृतिफलक की खेळाचं पदक?

तीन वस्तू नेहमी एकमेकींत मिसळतात.

पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल कांस्याचं, 36 मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढे पंखवाली विजयदेवता, मागे 'महायुद्ध, 1914-1919' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. हे सरकारी युद्धपदक. पंख असलेली बाई पाहून ते धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस समजू नका.

सुमारे 120 मिलिमीटरचा जड कांस्य गोल, त्यावर ब्रिटानिया आणि सिंह, चौकटीत उठावाच्या अक्षरांत हुद्द्याशिवाय नुसतं नाव असेल, तर तो युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेला स्मृतिफलक आहे. एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराची ती रचना. तो जड ताटलीसारखा दिसतो आणि काही घरांत वजन म्हणून वापरला गेला. घरात असा फलक असेल तर त्या नावाचा माणूस परतला नव्हता, हे ध्यानात ठेवूनच तो हाताळावा.

खेळाचं पदक या दोन्हींपेक्षा वेगळं वागतं. पुढची बाजू तयार ठशाची: पळणारा, मुष्टियोद्धा, पानांची माळ. मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवलेली आणि त्यावर हाताने कोरलेला मजकूर. ब्रिटिश पद्धतीची पदकं बरीचशी लहान, 25 ते 40 मिलिमीटरची आणि वर कडी असलेली असतात, घड्याळाच्या साखळीला अडकवायची. फ्रेंच आणि बेल्जियन पद्धतीत आयताकृती 'प्लाकेट' पुष्कळ. त्यांना कडी नसते, ते हातात घेऊन पाहायचे किंवा डबीत ठेवायचे.

ऑलिंपिकची पदकं क्वचितच निघतील, पण तुलनेसाठी माहीत हवीत. युद्धानंतरचं पहिलं ऑलिंपिक 1920 मध्ये अँटवर्पला झालं. बेल्जियमने सोसलेल्या हालांची दखल म्हणून ते तिथे दिलं गेलं. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेलेल्या भारतीय चमूत फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कुमार नवले, रणधीर शिंदे अशी आपल्या मुलखातली नावं होती. चौगुले मॅरेथॉनमध्ये 19वे आले. त्या वर्षीच्या विजेत्यांच्या पदकाची रचना जोझुए ड्युपों याची, व्यास 59 मिलिमीटर. 1948 चं लंडनचं ऑलिंपिकही युद्धाने झालेल्या खंडानंतरचंच. तिथे खाशाबा जाधव सहावे आले. सर्व सहभागींना दिलेलं कांस्य स्मृतिपदक 51 मिलिमीटरचं आहे. एका बाजूला बिग बेनसह वेस्टमिन्स्टर, दुसऱ्या बाजूला चार घोड्यांचा रथ. हा रथ बर्ट्रम मॅकेनलच्या 1908 च्या पदकावरून पुन्हा घेतला होता. म्हणजे फक्त रथ दिसला म्हणून 1948 ठरत नाही, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

मागच्या बाजूची अक्षरं

इथे घाई करू नका, सगळी कहाणी इथेच आहे. मजकूर जसा आहे तसा, ओळीला ओळ ठेवून उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका. नाव 'शिंदे'चं 'सिंडे' झालेलं असेल तर तसंच लिहा, कारण कारकुनाने इंग्रजीत जे लिहिलं त्याच रूपात ते दप्तरातही सापडतं.

नेहमी येणारी संक्षिप्त रूपं अशी. हुद्दे: सेप म्हणजे शिपाई, एन.के. नाईक, एल/एन.के. लान्स नाईक, हव हवालदार, जेम जमादार, एस.पी.आर. सॅपर (अभियंता दलाचा शिपाई). घटक: कॉय कंपनी, बी.एन. बटालियन, बी.डी.ई. ब्रिगेड, डिव्ह डिव्हिजन. स्पर्धा: 'आर/अप' उपविजेता, 'इंटर कॉय' आंतर-कंपनी, 'टी.ओ.डब्ल्यू.' रस्सीखेच, 'एक्स-कंट्री' म्हणजे क्रॉस-कंट्री. 'असॉल्ट अ‍ॅट आर्म्स' वाचून लढाई समजू नका, तो शस्त्रकौशल्य आणि मैदानी खेळांचा कार्यक्रम असे.

ठिकाण बहुधा थेट लिहिलेलं नसतं, सैन्यतळाच्या संक्षेपात दडलेलं असतं. एम.ई.एफ. म्हणजे मध्यपूर्व, सी.एम.एफ. म्हणजे इटली आणि भूमध्य समुद्र, पायफोर्स म्हणजे इराण-इराक, सीअ‍ॅक म्हणजे आग्नेय आशिया. बी.सी.ओ.एफ. किंवा ब्रिनडिव्ह असेल तर पदक जपानमधलं आहे, 1946-47 च्या ताबा-सैन्यातलं. आजोबा जपानला गेले होते हे घरात कोणालाच माहीत नसतं आणि ते एका कबड्डीच्या नाहीतर फुटबॉलच्या पदकावरून उघड होतं.

पलटणीच्या नावावरून काळ ठरतो, आणि मराठा पलटणींच्या बाबतीत तर फारच नेमका. 1922 च्या फेररचनेआधी त्यांना तीन आकडी क्रमांक होते: 103, 105, 110, 114, 116, 117. फेररचनेनंतर त्या सगळ्या 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री'च्या बटालियन झाल्या. 103वी ती 1/5, 105वी ती 2/5, 110वी ती 3/5, 116वी ती 4/5, 117वी ती 5/5 आणि 114वी झाली 10/5, म्हणजे प्रशिक्षण बटालियन. त्यामुळे पदकावर '117 मराठाज' असेल तर ते 1922 च्या आधीचं. '2/5' हा अपूर्णांक नव्हे, की दोन-पाचचा गुणफलकही नव्हे. आधी बटालियन, मग रेजिमेंट. '111 महार्स' असेल तर काळ आणखी आवळतो, कारण ती पलटण 1917 ला उभी राहून 1921 ला मोडली गेली. 'महार रेजिमेंट' असं नाव असेल तर 1941 नंतरचं, त्या वर्षी ऑक्टोबरात बेळगावला ती उभी राहिली.

तारीखच नसेल तर मुकुट पाहा. वरची कमान दोन्ही बाजूंनी सरळ गोलाकार असेल तर तो राजाचा मुकुट, 1952 च्या आधीचा. कमानीला मधे खळगा असेल तर राणीच्या काळातला. अशोकस्तंभ असेल तर अर्थातच प्रजासत्ताकानंतरचं. 'जी.आर.आय.' ही अक्षरं राजांची, जोडीला पाच किंवा सहा हा रोमन आकडा आहे का ते भिंगातून शोधा.

कड आणि शिक्के

कडेवर शिंगातून फळं सांडताहेत असं इवलं चिन्ह आणि शेजारी 'ब्रॉन्झ' किंवा 'आर्जां' हा शब्द असेल तर पदक पॅरिसच्या टांकसाळीतलं, 1880 नंतरचं. 'आर्जां' म्हणजे चांदी. ब्रिटिश चांदीवर चालणारा सिंह (92.5 टक्के शुद्धतेची खूण), शहराचं चिन्ह आणि वर्षाचं अक्षर असतं. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि क्रीडापदकं सर्वाधिक तिथलीच. बर्मिंगहॅमच्या क्रमात 1919 ला लहान 'यू' आणि 1946 ला मोठा 'डब्ल्यू' येतो. वर्षाचं अक्षर हे चांदी तपासल्याचं वर्ष दाखवतं, स्पर्धेचं नव्हे. 1913 च्या शिक्क्याच्या पदकावर 1919 ची स्पर्धा कोरलेली असणं अगदी शक्य आहे, दुकानात पडून राहिलेला माल. उलटं मात्र संशयास्पद: कोरलेलं साल शिक्क्याच्या आधीचं असेल तर मजकूर नंतर घातलेला आहे.

धातू ओळखणं: काटा आणि पाण्याचा ग्लास

रंगावर विश्वास ठेवू नका. 1912 नंतर ऑलिंपिकचं 'सुवर्ण'पदकसुद्धा सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचं आहे, तिथे छावणीतल्या पदकाची काय कथा. ऑम्लेटासारखा पिवळा दिसणारा तुकडा पितळही असेल आणि मुलामा दिलेलं जस्तही.

घनता मोजायला पाच मिनिटं लागतात:

1. कोरडं पदक तोला. समजा 46.35 ग्रॅम.
2. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर घ्या, तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा.
3. पदक बारीक नायलॉन दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबत धरा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये.
4. काट्यावर जो आकडा येईल तेवढे मिलिलिटर त्याचं घनफळ. समजा 5.24.
5. भागाकार करा: 46.35 ÷ 5.24 = 8.85.

शुद्ध चांदी 10.5, स्टर्लिंग 10.3 ते 10.4, कांस्य 8.7 ते 8.9, पितळ 8.4 ते 8.7, जस्त 7.1 आणि त्याचे ओतकामाचे मिश्रधातू 6.6 ते 6.8, अ‍ॅल्युमिनियम 2.7. वरचं उदाहरण कांस्याचं.

चुकतं कुठे? पदकाच्या उठावात अडकलेल्या बुडबुड्यात. 0.10 मिलिलिटर हवा अडकली तर आकडा 5.34 होतो, घनता 8.68 वर येते आणि कांस्याचं पितळ होतं. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, पदक तिरपं बुडवा, हळूच हलवा आणि तीन वाचनांची सरासरी घ्या. दोरा जाड असेल तर तोही पाणी सारतो. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर घनता 8.9 च येते, चांदीची येत नाही, यावरूनच मुलामा पकडला जातो.

मीना (रंगीत काच) तडकलेला असेल, रिबन शिवलेली असेल, पदक पोकळ असेल किंवा हिरवी भुकटी दिसत असेल तर पाण्याची चाचणी करूच नका. अशा वेळी हॉलमार्किंग केंद्रावर क्ष-किरणांनी धातू तपासून मिळतो, वस्तूला ओरखडाही येत नाही. फक्त हे यंत्र वरचा पातळ थर वाचतं. मुलाम्याच्या वस्तूवर ते मुलाम्याचीच टक्केवारी सांगतं. शक्य असेल तर कड झिजून आतला धातू उघडा पडलेल्या जागी वाचन घ्यायला सांगा. दगडावर घासून कस लावू देऊ नका.

अस्सल की ओतीव नक्कल

टांकसाळीचं पदक पोलादी ठशाखाली दाबून घडतं. त्याची अक्षरं धारदार, मोकळी जागा गुळगुळीत. नक्कल बहुतेक वेळा अस्सल पदकावरून साचा काढून ओतलेली असते. वितळलेलं कांस्य थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं, त्यामुळे 51 मिलिमीटरच्या पदकाची नक्कल 50 च्या आसपास भरते. कॅलिपर इथे भिंगापेक्षा जास्त बोलतो. शिवाय भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे, गोलसर अक्षरं आणि कडेवर कानस मारल्याच्या समांतर रेघा दिसतात. कडेवर मधोमध पूर्ण फिरणारी बारीक सांधरेघ असेल तर दोन पातळ कवचं जोडून आत शिसं भरलेलं असू शकतं. ती विजेच्या साहाय्याने काढलेली प्रत, आणि तीही जुनी असू शकते.

पदक अस्सल पण मजकूर नवा, ही फसवणूक जास्त चालते. कोरं जुनं पदक घ्यायचं आणि त्यावर प्रसिद्ध पलटणीचं नाव कोरायचं. जुन्या कोरीव रेघेच्या तळाशीही आजूबाजूसारखाच काळपट थर असतो आणि कडा बोथट झालेल्या असतात. नवी रेघ आतून चकाकते, कडेला धातूचा बारीक काटा उभा असतो. सगळी अक्षरं अगदी एकसारख्या खोलीची आणि कडेने जळकी दिसली तर ते लेझरचं काम.

स्वच्छता: जेवढी कमी तेवढी बरी

चिंच, लिंबू, ताक, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, पितळ चकाकवायचं पॉलिश यांतलं काहीही नको. कारण साधं आहे. युरोपातल्या टांकसाळी कांस्य पदकाला मुद्दाम तपकिरी थर चढवत, खोलगट भागात गडद आणि उंचवट्यावर फिका, म्हणून आकृती उठून दिसते. आंबट पदार्थ तो थर काही मिनिटांत खातो आणि खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं. घरी तो थर परत येत नाही. चिंचेसोबत मीठ वापरलं तर आणखी वाईट: क्लोराइड धातूच्या छिद्रांत शिरून बसतं आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवं होऊन बाहेर येतं.

चांदीसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती काळेपणा काढते खरी, पण कारागिराने खाचांत मुद्दाम ठेवलेली काळी छटाही काढते आणि पदक सपाट, पांढरट दिसू लागतं. सारखा पसरलेला काळपट थर असेल तर तो राहू द्या.

खरोखर मळ असेल तर एवढंच: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, सुगंध नसलेल्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब. कापसाचा बोळा बुडवून पिळून घ्या, ओलसर झाला की पुरे. फिरवत पुसायचं, घासायचं नाही. एक बोळा एकदाच, मळलेला पुन्हा फिरवला की त्यातली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. खाचांत मऊ केसांचा चित्रकलेचा ब्रश. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा बोळा, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, म्हणजे राहिलेलं पाणी उडून जातं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. मीना, रंग किंवा अक्षरांत भरलेलं काळं मेण असेल तिथे अल्कोहोल लावू नका, ते खराब होऊ शकतं. रिबन धुवायची नाही, रंग पसरतो.

कांस्यावर शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यायला हरकत नाही. तांदळाच्या दाण्याएवढं मेण 50 मिलिमीटरच्या पदकाच्या दोन्ही बाजूंना पुरतं. जास्त झालं की खाचांत पांढरं साचतं.

फिकी हिरवी भुकटी

गडद, घट्ट चिकटलेला हिरवा थर जुना आणि स्थिर असतो. पण फिकट पोपटी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर तो कांस्यरोग. धातूतलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून तांबं खात राहतं आणि त्यातच पुन्हा मोकळं होऊन पुढे सरकतं. म्हणून तो आपोआप थांबत नाही. सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली नेली की प्रक्रिया थबकते.

असं पदक लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, भुकटी ओली करू नका. 'हिरवे डाग घालवून देतो' म्हणणाऱ्या पॉलिशवाल्याकडे नेऊ नका. उपचारासाठी वापरतात ती रसायनं विषारी आहेत, हे काम प्रशिक्षित संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलावस्तू संवर्धन केंद्र आहे, सल्ल्यासाठी सुरुवात तिथून करावी.

खाडीकाठच्या घरात ठेवायचं कुठे

ठाणे-नवी मुंबईत दोन शत्रू आहेत. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांवर राहणारी आर्द्रता, आणि खाडी. ओहोटीला कोपरी, विटावा, ऐरोली, वाशीच्या बाजूला चिखलाचा जो उग्र वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि चांदी काळी पाडणारा वायू तोच. खाडीकडे उघडणाऱ्या खिडकीजवळच्या शोकेसमध्ये चांदीचं पदक एका मोसमात काळवंडतं.

तिसरा शत्रू आपण स्वतः विकत घेतो: प्लायवूड आणि एमडीएफचं कपाट. त्यांच्या गोंदातून आणि लाकडातून आम्ल वाफा येत राहतात. बंद कपाट उघडल्यावर नाकाला झोंबतं ना, तेच. जुनं रंगवलेलं लोखंडी कपाट याहून कितीतरी सुरक्षित. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, माळ्यावर नको.

पॉलिप्रॉपिलीनचा, रबरी कडा असलेला हवाबंद डबा घ्या. दर लिटर आकारमानामागे 20 ते 30 ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे 5 लिटरच्या डब्याला 100 ते 150 ग्रॅम. नारिंगी रंगाचं घ्या, ओलावा भरला की ते हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा. रंग बदलला की ओव्हनमध्ये 100 ते 110 अंशांवर दोन-तीन तास तापवा, थंड झाल्यावर परत वापरा. पावसाळ्यात डबा वरचेवर उघडलात तर जेल पंधरवड्यात भरतं, न उघडल्यास महिनोन्‌महिने टिकतं. मुलांना दाखवायला फोटो ठेवा.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण आधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, ओलसर लगदा झाला पाहिजे. ते आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून 10-12 तास ठेवा. आकडा 75 आला पाहिजे. 81 आला तर तुमचा मापक 6 जास्त दाखवतो, तेवढे वजा करून वाचा.

प्रत्येक पदक स्वतंत्र पॉलिथिन झिप-पिशवीत किंवा आम्लमुक्त कागदात. नाणी ठेवायचे मऊ, चकचकीत, प्लास्टिकचा वास येणारे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातून सुटणारा चिकट हिरवा पदार्थ कांस्य आणि चांदी दोन्ही खातो. मखमल, लोकर, रबर बँड, डांबरगोळ्या, कापूर हे काहीच आत नको. मूळ डबी मौल्यवान आहे, पण ती आणि पदक वेगवेगळं ठेवायचं, दोन्हींवर एकच क्रमांक घालून. चांदीबरोबर अँटी-टार्निश (काळेपणा रोखणाऱ्या) पट्टीचा तुकडा ठेवा आणि त्यावर बदलायची तारीख लिहा.

भिंतीवरचे फलक, ढाली, तोफगोळ्याचे चषक

लाकडी ढालीवर दरवर्षीच्या विजेत्यांच्या छोट्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. यातली एखादी पट्टी रिकामी किंवा 1915 ते 1918 गायब असेल तर ती चूक नव्हे, त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही. रिकामी जागा भरू नका. पट्ट्या काढायच्या झाल्या तर आधी क्रमाचा फोटो. खिळे जुने असतील तर उचकटू नका, पितळी पत्रा खिळ्याभोवती फाटतो. ढालीच्या मागे बारीक छिद्रं आणि ताजा भुसा दिसला तर लाकडात कीड जिवंत आहे, ढाल लगेच वेगळी पिशवीबंद करा.

अक्षरांत साठलेला पांढरा थर हा बहुधा पूर्वीच्या पॉलिशचा. कोरडी बांबूची टूथपिक तिरपी धरून तो निघतो, लोखंडी सुईने धातू निघतो.

टांगताना पश्चिमेची आणि बाथरूमला लागून असलेली भिंत सोडा. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीत मुरतो. फलक आणि भिंत यांत 10 मिलिमीटरची फट राहील असे नायलॉनचे वॉशर घाला. कांस्याला लोखंडी स्क्रू नको. ओलाव्यात दोन धातूंत विद्युतघट तयार होतो, स्क्रू गंजून फुगतो आणि फलकाचं भोक तडकतं. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा वापरा.

तोफेच्या पितळी कवचापासून बनवलेला चषक किंवा फुलदाणी असेल तर तळाचा मधला गोल पाहा. तिथे टोचा पडलेला नसेल, म्हणजे ते झाडलेलं नसेल, किंवा कवच आतून भरलेलं वाटत असेल तर ते हलवू नका, तापवू नका, 112 वर पोलिसांना कळवा.

नोंदपत्र आणि कागद

प्रत्येक वस्तूसाठी एक पान पुरतं: क्रमांक, व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये, वजन, घनता, दोन्ही बाजूंचं वर्णन, मजकूर जसाच्या तसा, कडेवरचे शिक्के, दोष, आणि ही वस्तू कोणाकडून कोणाकडे आली. शेवटची नोंद सर्वांत आधी हरवते. घरातल्या वयस्कर आत्या-काकांना पदक हातात देऊन जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांचं सांगणं आणि पदकावरचं वाचन जुळलं नाही तर दोन्ही लिहा, एकाने दुसरं पुसू नका. पदकावर किंवा डबीवर शाईने क्रमांक घालायचा नाही, पिशवीतल्या कागदी चिठ्ठीवर घाला.

पुढच्या शोधासाठी मराठा पलटणींचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. पत्रात सैनिकाचा नंबर, बटालियन आणि पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या. नंबराशिवायचं पत्र शोधणाऱ्याला जवळपास निरुपयोगी. नातेवाईक म्हणून अर्ज करायचा तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रीत समजते. जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं चाळायला 1893 पासून चालू असलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे.

विकायचा विचार असेल तर एक कायदा आड येतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 100 वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. 1919-20 ची पदकं या वयात केव्हाच आली आहेत. परदेशी ग्राहकाने ऑनलाइन चांगली किंमत देऊ केली म्हणून कुरिअरने पाठवलंत तर गुन्हा तुमच्यावर येतो. 1946 ची पदकं अजून त्या वयाची नाहीत, पण कस्टममध्ये ते सिद्ध करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो. त्या अर्जाला तुमचं नोंदपत्र, वजन-मापं आणि तिरप्या उजेडातले फोटो तसेच्या तसे जोडता येतात.